शेवटचा चिमटा

पुसेगाव म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. माझ्या मामांचं पुसेगाव ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. इथं फेब्रुवारी लागला की शेताशेतांत रात्री हळद शिजते. कुकरमधून वाफ फुसफुसते, खाली पऱ्हाटी धडधडते आणि त्या उग्र मातकट वासानं अंगावरचे कपडे चार धुण्यांपर्यंत भरून राहतात.

त्या रात्री नऊच्या सुमाराला लाइन गेली. अर्धी हळद कुकरात, अर्धी बाहेर. मी हिंगोलीहून गाडी घेऊन गेलो होतो. गाडी खळ्याकडं तोंड करून उभी केली, हेडलाइट लावले. "इंजिन बंद कर, पेट्रोल कशाला जाळायलास?" असं मामा म्हणाले आणि मीही केलं. साडेबाराला लाइन आली, सगळे टाळ्या पिटत कामाला लागले, आणि हेडलाइट बंद करायचं बराच वेळ कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

सकाळी साडेसहाला सेल्फ मारला. टक-टक-टक-टक. मीटरवरचे दिवे त्या तालावर मिचमिचले. दहाला मला हिंगोलीत ड्युटीवर हजर राहायचं होतं.

पुढचा दीड तास मामा आणि त्यांची धाकटी मुलगी यांच्यात जे झालं ते इथं लिहितो आहे. मामांनी पंचवीसेक वर्षं काळी-पिवळी चालवली. धाकटीनं आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि आता हिंगोलीत एका गॅरेजात काम करते. घरात तिला नावानं कोणी हाक मारत नाही, धाकटीच म्हणतात. मी मधे उभा होतो, आणि खरं सांगायचं तर दोघांच्याही बाजूनं होतो, कारण मला गाडी चालू हवी होती.

"काही नाही, चार माणसं हायत. दुसरा गिअर टाक, धक्का मारतो." मामांनी बाह्या सावरल्या.

"थांबा अण्णा, आधी बोनेट उघडू द्या."

तिनं बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हातानं हलवून पाहिली. घट्ट होती. एकावर पांढरी-हिरवी भुकटी जमली होती, ती ओल्या फडक्यानं पुसली. "निम्म्या गाड्या इथंच चालू होतात," ती म्हणाली. "टर्मिनल ढिलं असतं आणि लोक बॅटरीला शिव्या देतात." मग मीटर लावला. ११.१. "भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. ही उतरलीय."

"ते टक टक ऐकूनच कळलं होतं मला. मीटर कशाला पायजे?"

"टक टक का वाजतं ते सांगा मग."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. तिनंच सांगितलं. चावी फिरवली की सेल्फवरचा सोलेनॉइड ओढला जातो, पण मोटरीनं वीज मागताक्षणी बॅटरी बसते, सोलेनॉइड सुटतो. सुटला की बॅटरी जरा वर येते, तो पुन्हा ओढला जातो. म्हणजे टक टक वाजतंय तोवर बॅटरीत थोडा जीव आहे. काहीच वाजलं नाही तर मात्र गोष्ट वेगळी.

"जीव हाय ना? मग धक्क्यानं लागंल."

"लागेलही," ती म्हणाली. मला हे आवडलं. तिला नाही म्हणायची घाई नव्हती. "पण अण्णा, तुमच्या जीपला चालू व्हायला वीज लागायची कुठं? डिझेलचा पंप इंजिनाच्या जोरावर फिरायचा, डिझेल दाबानं पेटायचं. चाक फिरलं की इंजिन लागलंच. दादाच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीत हाय, तो विजेवर चालतो. ठिणगी विजेची. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर, तोही विजेवर. बॅटरी ठार असेल तर गावभर ढकला, काही होत नाही. आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी असती तर धक्क्याचा विषयच नव्हता."

"ही ठार नाही."

"नाही. पण उतार बघा कुठं हाय."

आम्ही तिघांनी बघितलं. खळ्यापासून उतार एकाच दिशेला होता आणि त्याच्या शेवटी विहीर होती. वर रात्रीच्या पाण्यानं काळी माती चिकटलेली. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते, एक-दोनदा दाबला की पेडल दगड होतं; स्टेअरिंगही जड होतं. चढाकडं ढकलायला चार माणसं पुरणार नाहीत, उताराकडं ढकलायला एकही जास्तच. मामांनी विहिरीकडं पाहिलं, मान खाजवली आणि म्हणाले, "सडकंवर असती तर मारला असता."

सडकेवर मारला असता तर मीही हरकत घेतली नसती. सपाट रस्ता, मॅन्युअल गिअर, थोडी तरी शिल्लक बॅटरी आणि मागं समजूतदार माणसं असतील तर धक्का अजूनही चालतो. एवढंच, की तीन-चारदा करूनही लागली नाही तर थांबावं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतं आणि ती वस्तू महाग असते.

"आमच्या पहिल्या जीपला तर हँडल होतं," मामा म्हणाले. "पुढून घालायचं आन् फिरवायचं. बॅटरी बिटरी काही नाही."

"आणि उलटं फिरलं की?"

"मनगट जायचं," मामांनी कबूल केलं. "आंगठा दुसऱ्या बोटांसंगं एकाच बाजूला ठेवायचा, हे उस्तादानं पयल्या दिवशी शिकवलं."

हँडलच्या झटक्यानं जगभर माणसं जखमी व्हायची. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं केलेला विजेचा सेल्फ १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बसवला गेला आणि हँडलचे दिवस भरले. मनगट वाचलं, त्या बदल्यात आपण सगळे बॅटरीच्या ताब्यात गेलो. ती बॅटरी मात्र त्याहून जुनी. शिसं आणि गंधकाचं आम्ल यांची ही जोडी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये जमवली, आणि आपल्या बोनेटखाली आजही मूळ रसायन तेच आहे. सहा कप्पे, प्रत्येकात दोन व्होल्टच्या जरा वर, मिळून बारा.

"मग ट्रॅक्टर आणा," धाकटी म्हणाली. "त्याचीही बाराचीच हाय."

यावर वाद झाला नाही. ट्रॅक्टर बाराचा, छोट्या गाड्या बाराच्या. ट्रक आणि बस बहुतेक चोवीसच्या असतात. रस्त्यात ट्रकवाल्यानं माणुसकीनं केबल पुढं केली तरी ती घ्यायची नाही. मामांनी स्वतः पाहिलं होतं, एकानं चोवीसची जोडली आणि कारचे बल्ब, टेप, मीटर सगळं एका दमात गेलं.

मामा ट्रॅक्टर घेऊन निघाले तो सरळ कुकरच्या शेजारी येऊन थांबणार होते. धाकटी ओरडत आडवी गेली. कुकरखाली अजून निखारे होते. ट्रॅक्टर वळसा घालून गाडीच्या पुढ्यात आणला, दोन्हींच्या मधे हातभर फट ठेवली. गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, नाहीतर वीज पत्र्यातून भलतीकडं वाट काढते. मामांच्या ओठांत विडी होती. तीही विझवायला लावली. मामांनी ती कानावर ठेवली.

मग धाकटीनं माझ्या डिकीतली केबल काढली. मी ऑनलाइन मागवली होती, दोन वर्षं पिशवीतच पडून. चिमट्यांवर ठळक छापलेलं होतं: ५०० अँपिअर.

मामांनी ती बोटांत धरून चिमटली आणि हसायला लागले. "ही? ही तर गणपतीच्या लायटिंगची वायर हाय."

"वरून जाड दिसते की, अण्णा."

"रबर जाड हाय. आत काय हाय ते बघ."

धाकटीनं चिमट्याजवळचं रबर मागं सारलं. आत बोटभर जाडीच्या आवरणात पेन्सिलीच्या शिशाएवढी तार होती. नखानं खरवडल्यावर तांबूस रंग गेला आणि खाली पांढरं निघालं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ती क्षणभर काही बोलली नाही. मग मातीत काडीनं हिशेब मांडला, आणि तो मला पटला म्हणून इथं देतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरू होताना दीडशे अँपिअरच्या घरात ओढतो. जायची-यायची मिळून तार पाच मीटर. असली चार चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार असेल तर दीडशे अँपिअरला पाच व्होल्ट तारेतच जिरतात. बारातले पाच गेले, उरले सात. सात व्होल्टवर सेल्फ काय फिरणार? आणि जिरलेली वीज जाते कुठं? तार तापवायला. रबर वितळतं, हाताला चिकटतं.

"बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली.

मामा काही न बोलता कोठ्यात गेले आणि खांद्यावर वेटोळं टाकून आले. वेल्डिंगची केबल. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून घेतलेली, अंगठ्याएवढी, आत केसासारख्या तांब्याच्या तारांचा झुपका, टोकांना पितळी चिमटे. पंचवीस चौरस मिलिमीटर तरी असेल. तिच्यात त्याच दीडशे अँपिअरला अर्धाच व्होल्ट जातो.

"ही घे. ह्याच्यावर मी निम्म्या गावाचे ट्रॅक्टर चालू केलेत."

धाकटीनं दोन्ही तारा हातात घेतल्या आणि तिचा चेहरा पुन्हा बदलला. दोन्ही काळ्या होत्या. चार चिमटे, चारही सारखे.

"ह्यातली प्लसची कोणती?"

"कोणतीही. ध्यानात ठेवायचं."

"आणि नाही राहिलं तर?"

"आजवर राहिलंय."

"अण्णा, उलटी लागली तर चुकीला दुसरी संधी नसते. फ्यूज जातात, डायनामोतले डायोड जातात, कॉम्प्युटर जाऊ शकतो. आणि बॅटरी फुटली तर तोंडावर."

तिनं कुकरजवळच्या पोत्याचा लाल दोरा ओढून काढला आणि एका केबलच्या दोन्ही टोकांना चिमट्याखाली गाठी मारल्या. मामांच्या हातात तांब्याचं कडं होतं. ते काढा म्हणाली. निघेना, कारण तीस वर्षं ते निघालेलं नव्हतं. "मग तुम्ही हात लावू नका," असं म्हणून तिनं माझा गॉगल मागून घेतला आणि डोळ्यांवर चढवला. बॅटरीच्या कडेनं एकदा नजर फिरवली. कुठं फुगलेली, तडकलेली, ओली नाही. सडक्या अंड्यासारखा वास नाही. यातलं एक जरी असतं तर तिथंच थांबायचं आणि बॅटरी बदलायची. गाडीचे दिवे, पंखा, टेप सगळं बंद; गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला.

पहिला लाल दोऱ्याचा चिमटा मेलेल्या बॅटरीच्या प्लसवर. त्याच केबलचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या प्लसवर. मग दुसऱ्या केबलचं एक टोक ट्रॅक्टरच्या मायनसवर. उरला शेवटचा चिमटा. तो हातात घेऊन ती गाडीच्या बॅटरीकडं न जाता इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला वाकली आणि बिनरंगाचा नट शोधायला लागली.

मामांना हे बिलकुल मानवलं नाही. "हे काय नवीन? मायनस समोर दिसायलाय की. लाव अन् हो मोकळी."

"मायनसची तार इथंच येऊन मिळते अण्णा, इंजिनाला. वीज तेवढीच जाते."

"मग तिथं लावली काय अन् इथं लावली काय?"

"शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडते. ती बॅटरीच्या डोक्यावर पाडायची नाही."

"ठिणगी! हजारदा पाडली असंल. बारीकशी असती, दिवाळीतल्या फुलबाजीएवढी बी नाही."

इथं धाकटी सरळ उभी राहिली. चार्ज होताना बॅटरीतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, हे तिनं सांगितलं. रंग नाही, वास नाही. हवेत चार टक्के झाला की पेट घेतो, आणि पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत पेट घेतच राहतो. एवढा मोठा पल्ला फार थोड्या वायूंचा असतो. बहुतेक वेळा वारा तो घेऊन जातो, म्हणून बहुतेक वेळा काही होत नाही. पण टोपणांच्या भोकांपाशी तो रेंगाळलेला असेल आणि ठिणगी नेमकी तिथं पडली, तर झाकण उडतं आणि आतलं ॲसिड बाहेर येतं.

"माझ्यावर कधी आलं नाही," मामा म्हणाले.

"तुमचा खाकी शर्ट पेटीत हाय अजून. पोटावर सगळी भोकं हायत त्याला, मोहरीएवढी. आई म्हणती विडीची."

मामा गप्प.

"विडीच्या भोकाला काळी कड असती, अण्णा. त्यांना नाही."

मी मामांकडं पाहिलं नाही. त्यांनी कानावरची विडी काढून खिशात टाकली एवढं मात्र दिसलं. थोड्या वेळानं म्हणाले, "ते फुटल्यानं नव्हतं. पाणी भरताना उडालं होतं." कदाचित खरंही असेल. ॲसिड उडालं तर चोळत बसायचं नाही. भरपूर साध्या पाण्यानं पंधरा मिनिटं तरी धूत राहायचं, आणि डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठायचा. तिनं सुरुवातीलाच पाण्याची घागर जवळ आणून ठेवली होती. मला वाटलं होतं पिण्यासाठी.

नट सापडला. शेवटचा चिमटा तिथं बसला. ठिणगी पडली, खरंच फुलबाजीपेक्षा लहान, बॅटरीपासून दोन हात लांब.

ट्रॅक्टर चालू केला आणि मामांनी सवयीनं हाताचा ॲक्सिलरेटर खाली ओढला. धूर, आवाज. "कमी, कमी!" तिनं मीटर ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावला. १४.१. "हे ठीक हाय. जुन्या ट्रॅक्टरचा रेग्युलेटर बिघडलेला असेल तर सोळा-सोळा सोडतो, आणि ते कारच्या कॉम्प्युटरला सोसत नाही. आधी मोजायचं, मग जोर द्यायचा." खरं तर हे जोडण्याआधीच मोजायला हवं होतं, असं मी नंतर तिला म्हणालो. तिनं मान्य केलं.

याच जिल्ह्यात औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वलहरी टिपायला. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. प्रोटॉनहून कितीतरी बारीक हालचाल तिथं मोजतील. आम्ही इकडं लाल दोऱ्याच्या गाठीवर प्लस-मायनस ओळखत होतो, आणि ट्रॅक्टरच्या धडधडीत मीटरचा आकडा स्थिर दिसेना म्हणून मामा वाकून वाचत होते. हो, मामाच. मीटर आता त्यांच्या हातात होता.

पाच मिनिटं तसंच ठेवलं. घाई करणारा मी. "थोडं पिऊ दे तिला," असं मामा म्हणाले, आणि या बाबतीत बापलेकीत एकमत होतं. मग सेल्फ मारला. एक कण्हणं, दुसरं, आणि लागली.

मी खाली उतरून चिमटे काढायला धावलो, तर दोघंही एकदम ओरडली. काढायचा क्रम उलटा. आधी इंजिनावरचा, मग ट्रॅक्टरचा मायनस, मग ट्रॅक्टरचा प्लस, शेवटी गाडीचा प्लस. मोकळे चिमटे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. त्याआधी धाकटीनं गाडीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून ठेवला होता. केबल सुटताना व्होल्टेज एकदम उसळी मारतं, ते गिळायला काहीतरी चालू असलेलं बरं.

गाडी घरघरत उभी होती आणि वाद संपला असं मला वाटलं. पण खरा वाद तर आता सुरू झाला.

"बॅटरी बदल," मामा म्हणाले. "गेली ती."

"गेली नाही, उतरलीय. हेडलाइट बघा की, दोन मिळून एकशे दहा वॅट, म्हणजे नऊ अँपिअर. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी. चार तासांत रिकामी होणारच. चांगली असती तरी झाली असती."

"चार वर्सं झालीत तिला. तारीख बघ वर. आपल्याकडचा उन्हाळा चार वर्सं खाल्लाय तिनं. केबलनं गाडी चालू होती, पोरी, बॅटरी होत नाही."

याला धाकटीकडं उत्तर नव्हतं, आणि मलाही मामांचंच पटलं. बॅटरी थंडीत अडते म्हणून दोष थंडीला मिळतो, पण तिला आतून खातो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, बोनेटखाली तर त्याहून किती तरी. पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात. पण धाकटीचंही म्हणणं खोटं नव्हतं: रिकामी झालेली प्रत्येक बॅटरी मेलेली नसते, आधी नीट भरून, लोड टाकून पाहावं, मग फेकावी.

आणखी एका गोष्टीवर दोघांचं जमलं. हिंगोलीपर्यंतच्या ड्रायव्हिंगनं बॅटरी भरत नाही. डायनामो तिला उभं करतो, पोटभर जेवू घालत नाही. रिकाम्या बॅटरीला सावकाश, तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं, म्हणजे पस्तिसाच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरनं, दहा-बारा तास चार्जिंगला लावावं लागतं. "वाटंत कुठं इंजिन बंद करू नको," असं मामांनी तीनदा बजावलं.

मी दहाला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. बॅटरीवाल्यानं रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी लोड टाकून पाहिलं, म्हणाला, "चालेल. उन्हाळा काढेल की नाही सांगता येत नाही." धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

माझी पाचशे अँपिअरची केबल आता घरी परसात आहे, तिच्यावर कपडे वाळतात. नवी घेतली ती दुकानात टोक सोलून बघून, सोळा चौरस मिलिमीटरची, तांब्याची. मामांच्या वेल्डिंगच्या केबलला दोन्ही टोकांशी लाल ऑइलपेंट लागला आहे. बैलांच्या शिंगांना पोळ्याला लावतात तोच.

बॅटरी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. धाकटीला सांगितलं. मामांना अजून आम्ही दोघांनीही सांगितलेलं नाही.